धूर खोलीत आला कसा?

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवी ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काका, तुम्ही कशात आहात?" कशात म्हणजे कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये. मी सांगायचो, "पंख्यात." समोरचा हसायचा, मग मी हसत नाही हे बघून घाईघाईने बटाटेवड्याच्या रांगेकडे वळायचा. न्यू जर्सीत एडिसनमध्ये माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली आणि तिथल्या ओळखीच्या मराठी माणसांत पंख्यात असलेला मी एकटाच. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. राग आला तो दुसऱ्याच गोष्टींचा. संपादकांनी "अमेरिकेतल्या नोकरीचं काहीतरी हलकंफुलकं लिहा" असं कळवलं आहे. त्यांची क्षमा मागतो. मला तो राग आज काढायचा आहे.

मी मूळचा इचलकरंजीचा. मागांच्या खडखडाटात वाढलो, सांगलीत डिप्लोमा केला आणि बरेच टक्केटोणपे खाऊन न्यू जर्सीतल्या एका लहान कंपनीत लागलो. आमचं काम प्रयोगशाळांच्या पंख्यांचं. पंखा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर घरातला पंखा येणार, म्हणून आधी थोडं समजावून सांगतो.

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये भिंतीला लागून मोठी कपाटं असतात. पुढच्या बाजूला वर-खाली सरकणारी काच असते. याला फ्यूम हूड म्हणतात. उग्र, विषारी, पेट घेणारं जे काही असेल ते या कपाटात हात घालून हाताळायचं, म्हणजे वाफा तोंडावर न येता मागच्या डक्टमधून, म्हणजे पत्र्याच्या बंद नळातून, थेट छतावर जातात. त्यांना वर ओढतो तो छतावरचा पंखा. त्याच्या पिंपात उभा माणूस सहज मावेल. एकाच पंख्यावर इमारतीतले सगळे हूड जोडलेले असतात. पण हा पंखा नुसत्या वाफा ओढत नाही, खोलीतली हवाही ओढतो. हिवाळ्यात बाहेर बर्फ साचलेलं असतं, आतली हवा पैसे मोजून गरम केलेली असते आणि पंखा ती अखंड बाहेर फेकत असतो. म्हणून हूडांच्या काचा खाली असतील तेव्हा पंखा हळू आणि काचा वर गेल्या की जोरात, असं आपोआप करणारी यंत्रणा लागते. ती बसवायची आणि तिची निगा राखायची, हे माझं काम. वीज वाचवण्यावरच माझं पोट चाललं, त्यामुळे बचतीशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

या यंत्रणेत सगळ्यात महत्त्वाचा एक छोटा सेन्सर. डक्टमध्ये ओढ किती आहे ते तो मोजतो आणि त्याप्रमाणे पंखा वेग धरतो. तो बसवायचा पंख्यापासून सर्वांत लांबच्या हूडापाशी. सोसायटीत पाणी सगळ्यांना पुरतं का हे बघायला कुणी टाकीखालचा नळ सोडून बघत नाही, शेवटच्या घरातला नळ सोडतो. एवढी साधी गोष्ट आहे.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकंही नमुनेदार. न्यू जर्सीतल्याच एका कॉलेजची केमिस्ट्रीची इमारत आम्ही केली होती. कॉलेजचं नाव लिहीत नाही. तिथे निवृत्त झालेले एक वयस्कर प्रोफेसर अजूनही रोज यायचे. इमारतीत धूम्रपानाला बंदी. हे महाशय आपल्या रिकाम्या हूडाची काच अर्धी वर करायचे, डोकं आत घालायचे आणि निवांत पाइप ओढायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलोच. ते म्हणाले, "तरुण माणसा, या इमारतीत सगळ्यात शुद्ध हवा इथेच आहे. तूच तर बसवलंस हे." पाइपचा धूर सरळ मागे जायचा, खोलीत वासही यायचा नाही. पुढे कॉलेजच्या सेफ्टी ऑफिसमध्ये हा किस्सा सगळे हसत सांगायचे. मीही हसलो होतो. हा पाइप लक्षात ठेवा.

दोनेक वर्षं ती यंत्रणा उत्तम चालली. मग कॉलेजच्या फॅसिलिटीज विभागात, म्हणजे इमारतींची देखभाल करणाऱ्या खात्यात, वीजबचतीसाठी एक नवा मॅनेजर आला. प्रधान. पुण्याचा, माझ्यापेक्षा बराच लहान, बोलण्यात गोड, आमच्याच मंडळाचा कार्यकर्ता, पुढे अध्यक्षही झाला. मला बरं वाटलं होतं की आपला माणूस आला. त्याने पहिलं काम काय केलं, तर आमचं देखभालीचं कंत्राट बंद केलं. "काका, पर्सनल घेऊ नका. इनहाउस करतोय आम्ही," म्हणाला. मी पर्सनल घेतलं नाही. कंत्राटं येतात, जातात.

केतकी आमच्याकडे रविवारी जेवायला यायची. नागपूरची मुलगी, त्याच कॉलेजात केमिस्ट्रीत पीएच.डी. करत होती. तिघी मैत्रिणी मिळून भाड्याच्या घरात राहायच्या. एका डोहाळजेवणात नलिनीशी, म्हणजे माझ्या बायकोशी, तिची ओळख झाली आणि नलिनीने तिला ताब्यातच घेतलं. २००६च्या त्या उन्हाळ्यात मुलगी ताटावर बसायची पण जेवायची नाही.

"डोकं दुखून राहिलं ना काकू," ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत तर नुसतं भणभणतं. वीकएंडला घरी असलं की बरं वाटतं."

"तेल लावून देते," नलिनी म्हणाली.

मी मात्र घास खाली ठेवला. आठवडाभर दुखतं आणि सुट्टीत थांबतं, असं डोकं तेलाने बरं होत नसतं. विचारलं, "तुझा हूड कुठल्या मजल्यावर?"

"सगळ्यात खाली. कोपऱ्यातली लॅब."

म्हणजे डक्टचं शेवटचं टोक. "हवा कमी पडली तर हूडावर अलार्म वाजतो. तो वाजत नाही?"

"वाजायचा ना. सारखाच वाजायचा. मग त्यावर टेप लावला."

"कुणी?"

"सगळ्यांनीच, काका. प्रत्येक हूडावर टेप आहे. आमचे प्रोफेसर म्हणाले, फॅसिलिटीजवाले बघतील. चालतं तेवढं."

मी इतका भडकलो की नलिनीने मला स्वयंपाकघरात नेलं. हे 'चालतं तेवढं' मला माहीत आहे. मी इचलकरंजीत कानात कापूस घालून माग चालवणारी माणसं पाहिली आहेत, आणि पुढे ती बहिरी झालेलीही पाहिली आहेत. पण ही शिकलेली मुलं! रेणूची रचना तोंडपाठ, आणि गजर वाजला तर गजराचं तोंड बंद करतात. कारण प्रोफेसरच्या मर्जीवर असिस्टंटशिप, असिस्टंटशिपवर व्हिसा. तक्रार करणारा म्हणून नाव नको. आपल्या घरांतून आपण मुलांना हेच तर देऊन पाठवतो, बाळा, जुळवून घे. त्या रागाचा बराचसा भाग माझ्यावर आणि माझ्या पिढीवर होता, पण ऐकावा लागला बिचाऱ्या केतकीला.

दुसऱ्या दिवशी प्रधानला फोन केला.

"काका, स्क्रीनवर सगळं ग्रीन आहे," तो म्हणाला. "प्रेशर परफेक्ट."

"सेन्सर जागेवर आहे ना?"

"आम्ही थोडं ऑप्टिमाइझ केलंय."

"म्हणजे हलवलास? कुठे?"

"काका, आता कंत्राट तुमचं नाही. प्लीज."

मला कळायचं ते कळलं. सेन्सर छतावर, पंख्याच्या तोंडाशी नेला होता. तिथे ओढ कायम भरपूर असणार. सेन्सर म्हणणार, पुरे, आणि पंखा आपला रमतगमत फिरणार. वर वीज वाचते, स्क्रीन हिरवी, खाली शेवटच्या हूडात वाफ जिथल्या तिथे. टाकीखालचा नळ सोडून बघायचा तो हा प्रकार. त्याच वर्षी वीजबचतीसाठी त्याला कॉलेजकडून गौरवाची एक पाटी मिळाली. ती त्याने घरी हॉलमध्ये लावली होती, मी पाहिली आहे.

मी केतकीला म्हटलं, प्रोफेसरना स्पष्ट सांग. तिने सांगितलं. प्रोफेसरनी प्रधानला विचारलं, प्रधानने हिरवी स्क्रीन दाखवली, प्रोफेसर केतकीला म्हणाले, तू पाणी जास्त पी.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी केतकीने जे केलं ते मला आधी कळलं असतं तर मी तिला हात धरून थांबवलं असतं. नागपुरात उन्हाळ्यात कूलर लावतात, आणि कूलरची हवा खेळायला समोरची खिडकी किती उघडी हवी याचा अंदाज घ्यावा लागतो. तिचे बाबा त्यासाठी उदबत्ती पेटवून धरायचे, धूर कुठे जातो ते बघायचे. तिने तेच केलं. सगळ्या बाटल्या पलीकडच्या खोलीत कुलपात ठेवल्या, हूड पूर्ण रिकामा केला आणि उदबत्त्यांचा एक जुडगा पेटवून आत उभा केला. काच ठरलेल्या खुणेपर्यंत खाली घेतली. धुराचा फोटो काढून प्रोफेसरना दाखवायचा, एवढाच विचार. केमिस्ट्रीच्या इमारतीत ठिणगी न्यायची नसते. हा नियम बरोबर आहे आणि तिने तो मोडला, यात वाद नाही.

धूर मागे गेलाच नाही. काचेखालून तिच्या तोंडावर आला, मग वर चढला आणि खोलीतला स्मोक डिटेक्टर वाजला. इमारत रिकामी झाली, बंब आले. जळालं काहीच नाही. बंबाबरोबर आलेल्या माणसाला चंदनाचा वास आला, उदबत्त्या दिसल्या, भारतीय मुलगी दिसली. त्याने अहवालात लिहिलं, प्रयोगशाळेत धार्मिक विधी.

त्यावर चौकशी बसली. मुलीला सोबत एक माणूस आणायची परवानगी होती, तिने मला नेलं. टेबलाच्या पलीकडे सेफ्टी ऑफिसर बाई, केतकीचे प्रोफेसर आणि प्रधान. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी केतकीला विचारलं, तू प्रार्थना करत होतीस का? केतकी म्हणाली, नाही, हवा तपासत होते. बाईंना ते काही पटेना. पूजेचं सामान आणि हवेची तपासणी यांचा मेळ त्यांना लागेना, आणि त्यात त्यांची चूक मी मानत नाही. त्यांनी प्रधानकडे पाहिलं. "तुम्ही त्याच भागातले आहात. हे काय असू शकेल?"

त्या खोलीत उदबत्ती म्हणजे काय आणि काय नाही हे जाणणारी आम्ही तीनच माणसं. त्यातल्या एकीवर आरोप होता. प्रधानने एक वाक्य बोलायचं होतं, की आमच्याकडे वारा बघायलाही ही पेटवतात. तो टाय नीट करत म्हणाला, "इट्स पॉसिबल. इट्स अ कल्चरल थिंग."

माझ्या आयुष्यात मला पुष्कळ वेळा राग आला आहे. असा नाही. मी सरळ मराठीत बोललो.

"प्रधान, देवाला उदबत्ती लावताना तू देव्हाऱ्याची काच मापाने खाली ओढतोस का रे? आणि धूर कुठे जातो ते वाकून बघतोस का? याचं इंग्रजी तूच करून सांग त्यांना."

बाई म्हणाल्या, "हे काय म्हणाले?"

प्रधानचे कान लाल झाले. तो म्हणाला, "ही इज अपसेट."

"हो, आहे," मी इंग्रजीत म्हटलं आणि माझं वाक्य मीच त्यांना भाषांतर करून सांगितलं. वर पाइपवाल्या प्रोफेसरांची आठवण करून दिली. त्याच इमारतीत, तशाच हूडात, रोज जाळ आणि रोज धूर, आणि तुम्ही सगळे हसत होतात. त्याची चौकशी कधी झाली? बाई खाली बघू लागल्या. केतकीचे प्रोफेसर म्हणाले की तो प्रश्न इथे गैरलागू आहे.

तेव्हा केतकी बोलली. इतका वेळ मांडीवर हात ठेवून बसली होती. शब्द एकही अडखळला नाही.

"उदबत्त्या हूडात होत्या. काच खुणेवर होती. डिटेक्टर खोलीच्या छताला आहे. हूड ओढत असता तर धूर बाहेर गेला असता आणि डिटेक्टर वाजलाच नसता. मग धूर खोलीत आला कसा?"

मी प्रधानकडे बघत होतो. त्याला हे पहिल्या दिवशीच कळलं असणार, डिटेक्टर वाजला असं ऐकल्या क्षणी. मुलीवर पूजेचा ठपका बसू द्यायला तो इतका तयार का होता, ते मला तेव्हा उमगलं. तिची पूजा नसेल तर दोष त्याच्या सेन्सरचा. तो कुठे हलवला असणार ते मी बाईंना सांगितलं.

बाई उठल्या. "छतावर जायचंय मला, आत्ता," म्हणाल्या. आम्ही सगळे वर गेलो, वारा बोचत होता. सेन्सर पंख्याच्या तोंडाशी होता, प्लास्टिकच्या झिप-टायने बांधलेला. बाईंनी तो बघितला, प्रधानकडे बघितलं आणि खाली उतरल्या.

आता तुम्हाला वाटेल, झालं, सत्याचा विजय. ऐका पुढे. सेन्सर परत शेवटच्या टोकाला गेला, पंख्याचा वेग वाढला, हूडांवरचे टेप काढले. त्या कामाला कॉलेजच्या बातमीपत्रात 'सुधारणेचा दुसरा टप्पा' असं नाव मिळालं, फोटोत प्रधान हसतोय. अहवालातून धार्मिक विधी काढला. पण ठिणगी नेल्याचा ठपका राहिला. प्रोफेसरनी पुढच्या सत्रापासून केतकीची असिस्टंटशिप काढून घेतली, कारण म्हणे विश्वास राहिला नाही. असिस्टंटशिप गेली म्हणजे फी भरायला आणि राहायला आधार गेला. मी ओळखीच्या दोन-तीन ठिकाणी बोललो, मंडळातल्या वजनदार लोकांकडे गेलो. सगळे म्हणाले, "काका, मोठं कॉलेज आहे, आपण वाकड्यात शिरायला नको. मुलगी हुशार आहे, होईल तिचं." नलिनीने तिला आमच्याकडे राहायला बोलावलं. ती आली नाही. पीएच.डी. अर्धी टाकून मास्टर्सची पदवी घेतली आणि नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलला एका टेस्टिंग लॅबमध्ये नोकरीला गेली. जाताना नलिनीच्या गळ्यात पडून रडली. माझ्या पाया पडायला वाकली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

पुढच्या वर्षीचा गणपती. मंडळ शाळेचा हॉल भाड्याने घ्यायचं. हॉलमध्ये स्मोक डिटेक्टर, त्यामुळे आरती, कापूर, उदबत्ती सगळ्याची पंचाईत. दरवर्षी मी शाळेच्या कस्टोडियनशी, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या माणसाशी, बोलून, रीतसर परवानगी काढून, आरतीपुरता हॉलचा गजर टेस्टवर, म्हणजे तात्पुरता मुका, टाकून घ्यायचो. माझा धंदाच तो. त्या वर्षी अध्यक्ष प्रधान स्वतः आला. सिल्कचा झब्बा, कपाळाला गंध, हातात तबक.

"काका, तेवढं डिटेक्टरचं बघा ना. सगळे थांबलेत."

"मी नाही बघणार. तूच जा कस्टोडियनकडे," मी म्हटलं. "सांग त्याला, कल्चरल थिंग आहे."

तो तबक घेऊन तसाच उभा राहिला. आजूबाजूच्या चार माणसांनी ऐकलं, त्यातल्या दोघांना प्रकरण माहीत होतं. त्या वर्षी आरती बॅटरीच्या निरांजनावर झाली, आणि काकांनी भरल्या मांडवात खोडा घातला अशी माझी कीर्ती झाली. ती अजूनही आहे, आणि मला ती चालते. गाडीत नलिनी म्हणाली, "देवासमोर असं करू नये." ओक ट्री रोडचा सिग्नल लागला तेव्हा म्हणाली, "पण बरं केलंत."

केतकीचा फोन सणावाराला येतो. मी अभ्यासाचं विचारत नाही, तीही काढत नाही. मॉरिसव्हिलहून पहिला फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं होतं, "डोकं?"

"नाही दुखत काका. इथला हूड मस्त ओढतो. मी पहिल्याच दिवशी टिश्यू पेपर धरून पाहिला."

निवृत्तीआधी एकदा त्या कॉलेजात जाणं झालं. तळमजल्यावरच्या त्या कोपऱ्यातल्या लॅबमध्ये केतकीच्या हूडासमोर एक नवा मुलगा काम करत होता, कानात गाणी लावून, मजेत. मी काचेखाली हात धरला. हवा हाताला ओढत आत जात होती. मुलाने विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, ठीक आहे. तुझ्या जागी एक मुलगी होती म्हणून ठीक आहे, हे मी त्याला सांगायला हवं होतं. तो परत कामाला लागला, आणि त्याचं डोकं दुखत नव्हतं.